कानाने वाचायचे यंत्र

(प्रौढ साक्षरता वर्गापुढे झालेले भाषण)



आज कॉम्प्युटरविषयी बोलायचे आहे. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशी माणसे कॉम्प्युटर कसा चालवतात, ते मी सांगणार आहे. त्यातही लिनक्स नावाचा एक प्रकार आहे. तो ती माणसे कशी शिकतात, हे मुख्य सांगायचे आहे.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आम्ही कालपरवा बाराखडी शिकलो. आम्हाला हे कशाला?"

प्रश्न रास्त आहे. पण जरा मागचे आठवा. या वर्गाला यायच्या आधी घरी कागद आला, म्हणजे तुम्ही काय करीत होता? कागद हातात घेऊन कोणाच्या तरी दारात जात होता. "जरा वाचून दाखवता का?" असे म्हणत होता. वाचणारा घाईत असला, तर दोन ओळी वाचून कागद परत देई. घरातली गोष्ट चारचौघांत जाई. कागदावर आकडा किती, तर तो सांगेल तितका. तुमच्यापैकी पुष्कळांनी हे सोसले आहे.

अंध माणसाला हे जन्मभर सोसावे लागते. तो शाळा शिकला, कॉलेज शिकला, तरी छापील कागद त्याच्यापुढे मुकाच राहतो. त्याचे हे दुःख तुम्हाला जितके कळेल तितके इतरांना कळणार नाही. म्हणून हा विषय मी तुमच्यापुढे मांडतो आहे.

पूर्वी अंधांना वाचायची एकच वाट होती. ती ब्रेल लिपीची. लुई ब्रेल हा फ्रान्स देशातला. १८०९ साली जन्मला. त्याचा बाप जिनगर होता, घोड्यांचे सामान शिवायचा. पोरगा तीन वर्षांचा असताना बापाच्या आरीशी खेळू लागला, आणि आरी डोळ्यात घुसली. एक डोळा गेला, पुढे दुसराही गेला. हाच मुलगा १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, सहा टिंबांची लिपी घेऊन उभा राहिला. कागदावर टिंबे उठवायची आणि बोटांनी वाचायची. आपल्या देशात १९५१ साली सगळ्या भाषांसाठी मिळून भारती ब्रेल ठरली. लिपी मोठी गुणाची. पण ब्रेलचे पुस्तक जाडजूड होते, आणि हवे ते पुस्तक मिळतेच असे नाही. आणि घरी आलेले पत्र काही ब्रेलमध्ये येत नाही.

कॉम्प्युटरने दुसरी वाट काढली. ती कशी, ते समजून घ्या.

कागदावर आपण 'क' लिहितो, तेव्हा ती शाई असते. कॉम्प्युटरच्या पोटात शाई नसते. तिथे प्रत्येक अक्षराला एक आकडा ठरवून दिलेला आहे. आपल्या 'क'चा आकडा २३२५. सगळ्या जगातल्या कॉम्प्युटरांत तो तोच आहे. डोळस माणसासाठी कॉम्प्युटर त्या आकड्याचे चित्र पडद्यावर काढतो. मग त्याच आकड्याचा आवाज काढला तर? तर अंध माणसाला 'क' ऐकू येईल. एवढीच युक्ती आहे. जो प्रोग्राम हे काम करतो, त्याला आपण पडदा-वाचक म्हणू. पडद्यावर जे अक्षर असेल, ते तो मोठ्याने वाचतो.

आता लिनक्स म्हणजे काय? कॉम्प्युटर म्हणजे नुसते धातू, काच आणि तारा. त्याला एक कारभारी लागतो. कोणते बटण दाबले, कागद कोणत्या कप्प्यात ठेवायचा, आवाज कुठून काढायचा, हे सगळे तो कारभारी पाहतो. घरोघरच्या कॉम्प्युटरांत बहुधा विंडोज नावाचा कारभारी असतो. लिनक्स हा दुसरा. १९९१ साली फिनलंड देशातल्या हेलसिंकी शहरात लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने तो लिहायला घेतला. तेव्हा त्याचे वय एकवीस. लिहिले आणि सगळ्या जगाला देऊन टाकले. कोणीही घ्यावा, आत काय आहे ते पाहावे, दुरुस्त करावा आणि पुढे द्यावा. दुकानातले बियाणे दर साली विकत आणावे लागते. गावरान बियाणे आपण राखतो, शेजाऱ्याला पायलीभर देतो, तसेच हे. फरक इतकाच की हे बियाणे वाटून संपत नाही.

लिनक्स अंधांच्या कामी पडतो, त्याचे एक कारण जुने आहे. १९६९ साली अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाचा कारभारी घडवला. लिनक्स त्याच्याच वळणावर गेला आहे. तेव्हा आजच्यासारखे रंगीत पडदे नव्हते. टाइपरायटरसारखे यंत्र असे, त्याला कागद लावलेला. माणूस एक ओळ टाइप करी. कॉम्प्युटर खालच्या ओळीत उत्तर छापी. तारेसारखा हा व्यवहार. आपल्याकडे तार खाते २०१३ साली बंद झाले, पण तुमच्यातल्या वयस्क मंडळींना तार ठाऊक आहे. तारेत माणूस शब्द मोजून घाली. तसेच त्या यंत्रावर टाइप करणे जिकिरीचे, म्हणून आज्ञा दोन-तीन अक्षरांच्या ठेवल्या.

पुढे चित्रांचे दिवस आले. १९८४ साली मॅकिन्टॉश आला. १९९० नंतर विंडोज पसरले. पडद्यावर लहान लहान चित्रे, आणि त्यांवर बाण नेऊन बोट दाबायचे. डोळसाला सोपे झाले. पण त्याआधी अंध माणसे अक्षरांच्या पडद्यावर आवाजाच्या मदतीने कामे करू लागली होती. पडद्यावर अक्षरांच्या जागी चित्रे आली, आणि आवाजाला वाचायला काही उरले नाही. चित्राला काय म्हणायचे? प्रत्येक चित्राच्या मागे त्याचे नाव लिहून ठेवायची सोय व्हायला पुढे बरीच वर्षे लागली. आज विंडोजही चांगले बोलते. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने २००६ साली एनव्हीडीए नावाचा पडदा-वाचक सुरू केला, तो फुकट मिळतो. आपल्याकडचे पुष्कळ अंध लोक त्यावरच काम करतात. त्यांना नावे ठेवायचे मला कारण नाही. पण लिनक्सने ओळीने बोलायची जुनी रीत सोडली नाही. चित्रेही आहेत, आणि ज्याला हवी त्याला ओळही आहे. तुम्ही ओळ लिहा, तो ओळीत उत्तर देतो. कानाला हेच मानवते.

आता शिकायचे कसे, ते सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याचे नाव मी सांगत नाही, त्याला वाटले तर तोच सांगेल. सातवीत असताना त्याची नजर गेली. पुढे शहरात अंधांच्या शाळेत शिकला. त्याच्याजवळ एक जुना लॅपटॉप आहे, दुसऱ्याने वापरून टाकलेला. त्यावर नवे विंडोज चालेना. लिनक्स मात्र जुन्या यंत्रावरही चालतो आणि पैसे पडत नाहीत, म्हणून त्याने तो घेतला. मी चार-पाच संध्याकाळी त्याच्या शेजारी बसलो. शिकवायला नाही हो, बघायला. मी मॅट्रिक शिकलेला मास्तर, मला त्यातले काय येणार!

लिनक्सचे पुष्कळ वाण आहेत. जोंधळ्यात जशी मालदांडी आहे, दगडी आहे, तसे डेबियन, उबुंटू, फेडोरा. त्याने डेबियन घेतला. आता कोरे यंत्र मुके असते. मुक्या यंत्रात कारभारी बसवायचा, तर डोळस माणूस लागणारच, असे मला वाटले. पण डेबियन बसवायला लावला, की आधी 'टीं' असा एक आवाज येतो. म्हणजे मी तयार आहे. मग 'एस' हे बटण दाबायचे, आणि एंटर. थोड्या वेळाने यंत्र बोलू लागते. भाषा कोणती? १, २, ३ असे आकडे वाचून दाखवते. हवा तो आकडा टाइप करायचा. शेवटपर्यंत असेच. कोणाला हाक मारावी लागली नाही. रात्री अकरा वाजता घरातले सगळे निजलेले असताना त्याने एकट्याने हे काम केले. हे सांगताना त्याचा चेहरा पाहायला हवा होता.

उबुंटूत याहून सोपे आहे. विंडोजचे चित्र असलेले बटण, ऑल्ट आणि एस, ही तीन बटणे एकदम दाबली की ओर्का नावाचा पडदा-वाचक जागा होतो.

पहिला धडा बोटांचा. तुम्ही कधी कीबोर्ड पाहिला तर एफ आणि जे या दोन बटणांवर बोट फिरवा. तिथे बारीक उंचवटा लागेल. डोळस माणूस त्याकडे लक्षही देत नाही. अंध माणूस दोन्ही तर्जन्या त्या उंचवट्यांवर ठेवतो आणि बाकीची बटणे तिथून मोजतो. पहिला महिना नुसता याच्यातच जातो.

दुसरा धडा कानाचा. लिनक्सवर ई-स्पीक नावाचा प्रोग्राम बोलायचे काम करतो. इंग्लंडमधल्या जोनाथन डडिंग्टन यांनी तो घडवला. त्याला मराठीही येते. आवाज मात्र गोड नाही, लोखंडी आहे. रेडिओवरच्या बाईसारखा नाही. पण तो फार जलद बोलू शकतो आणि तरी उच्चार तुटत नाहीत. माझ्या विद्यार्थ्याने तो इतका जलद ठेवला होता की मला एक शब्द कळेना. टिनावर गारा पडाव्यात तसा आवाज! तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही डोळ्यांनी वाचता तेव्हा एकेक अक्षर थांबून वाचता का? सवय झाली की कानही तसाच पळतो." आरंभी त्यानेही सावकाशच ऐकले होते. तुम्हीसुद्धा पहिल्या पुस्तकातले 'कमळ' हे तीन अक्षरांचे नाव तीन दमांत वाचले होते.

तिसरा धडा आज्ञांचा. अंधारात अनोळखी वाड्यात शिरलात, तर पहिला प्रश्न काय मनात येईल? मी कुठे आहे? लिनक्समध्ये त्यासाठी 'पी-डब्ल्यू-डी' असे लिहायचे. आपले रस्त्याचे खाते नव्हे, बरे का! ही तीन अक्षरे लिहून एंटर दाबले की तुम्ही वाड्याच्या कोणत्या खोलीत आहात, ते यंत्र सांगते. मग दुसरा प्रश्न, या खोलीत काय काय आहे? त्याला 'एल-एस'. तिसरा, मला आतल्या खोलीत जायचे आहे. त्याला 'सी-डी' आणि खोलीचे नाव. एवढ्या तीन आज्ञांवर माणूस सगळा वाडा फिरतो. प्रत्येक वेळी उत्तर शब्दांत येते. कुठे डाव्या कोपऱ्यात, कुठे हिरव्या चौकोनाखाली, अशी भानगड नाही.

नाव लांब असले तर सगळे लिहावे लागत नाही. पहिली दोन-तीन अक्षरे लिहून टॅब नावाचे बटण दाबले की बाकीचे यंत्र भरते. इंग्रजीतले मोठे अक्षर आणि छोटे अक्षर मात्र लिनक्स वेगळे मानतो. ते कानाला कसे कळावे? तर मोठे अक्षर आले की आवाज वरच्या पट्टीत जातो. कोणती आज्ञा काय करते हे विसरले, तर 'मॅन' असे लिहून पुढे आज्ञेचे नाव लिहायचे. यंत्र त्या आज्ञेची सगळी माहिती पुढे ठेवते. ती माहिती इंग्रजीत असते, ही आपल्या मुलांची खरी अडचण. या पोराने शब्दकोश जवळ ठेवून दीड वर्ष घातले.

आता खरी मख्खी ऐका. डोळा पानावरून उडतो. दोनशे नावांची यादी पुढे आली, तर तुम्ही आपले नाव झटकन हुडकता. कानाला उडता येत नाही. त्याला पहिल्या नावापासून चालत जावे लागते. म्हणून अंध माणसाला नेमके मागायला शिकावे लागते. हा विद्यार्थी आपल्या गावच्या दूध संस्थेचा हिशोब ठेवतो. दहा दिवसांचे बिल, दोनशे माणसे, रोजच्या दोन धारा. त्याने सगळी यादी ऐकायची म्हटले, तर दिवस जाईल. तो 'ग्रेप' नावाची आज्ञा देतो आणि पुढे एक आडनाव लिहितो. यंत्र सगळी फाईल सुपात घालून पाखडते, आणि त्या आडनावाच्या तेवढ्या ओळी पुढे ठेवते. वर आणखी सोय अशी, की एका आज्ञेतून निघालेले दुसरीच्या तोंडी सोडता येते. मोटेचे पाणी पाटात, पाटाचे पाणी वाफ्यात. पाखडलेल्या ओळी पुढच्या आज्ञेने बेरजेला जातात, आणि कानावर शेवटी एकच आकडा पडतो. अमक्याचे इतके लिटर, इतके रुपये. मी शेजारी वहीवर बेरीज करीत होतो. माझी अर्धी व्हायच्या आत त्याची झाली.

धोकाही आहे. 'आर-एम' ही आज्ञा दिली की फाईल गेली. चित्रांच्या पडद्यावर टाकलेला कागद टोपलीत राहतो, परत काढता येतो. इथे तशी टोपली नाही. म्हणून एंटर दाबण्यापूर्वी लिहिलेली ओळ पुन्हा एकदा ऐकायची, हा त्याचा नेम आहे.

आणि मोठी भीती दुसरीच. आवाज बंद पडला तर? डोळसाला पडद्यावर काय बिघडले ते दिसते. अंधाला काहीच नाही, यंत्र चालू आहे की बंद हेही कळेना. अशा वेळी तो घाबरत नाही. बोटांच्या आठवणीने ऑल्ट आणि एफ-दोन दाबतो, 'ओर्का', मग दोन आडव्या रेघा, आणि 'रिप्लेस' असे न ऐकताच टाइप करतो, आणि एंटर. बहुतेक वेळा आवाज परत येतो. नाहीच आला, तर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून तारेतून या यंत्रात शिरायचे आणि तिथून ऐकत दुरुस्त करायचे. डोळे असलेल्या कितीजणांना हे जमेल?

हे सगळे केले कोणी? परदेशी लोकांनी, असे तुम्हाला वाटेल. पण यात आपल्या पुण्याचा माणूस आहे.

टी. व्ही. रामन हे १९६५ साली पुण्यात जन्मले आणि तिथेच वाढले. लहानपणी एका डोळ्याने थोडे दिसत असे. काचबिंदूने वयाच्या चौदाव्या वर्षी तेही गेले. भाऊ आणि इतर माणसे पुस्तके वाचून दाखवीत, आणि हे ऐकून शिकत. पुण्याच्या वाडिया कॉलेजात गणित शिकले. मग मुंबईच्या आय.आय.टी.त गेले. तिथे त्यांनी गणितातल्या वक्ररेषा कानाने ऐकता याव्यात असा प्रोग्राम केला. पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात १९९४ साली डॉक्टर झाले. गणिताची अवघड पुस्तके कॉम्प्युटरने नीट वाचून कशी दाखवावीत, हा त्यांचा विषय. त्या प्रोग्रामचे नाव ॲस्टर. त्यांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्याचे नावही ॲस्टरच.

१९९५ साली त्यांनी ईमॅक्स्पीक नावाचा बोलका प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला केला. तो लिनक्सवर चालतो. त्यातली कल्पना फार सुंदर आहे. तुमच्या घरी भिंतीवर कॅलेंडर आहे. साधा पडदा-वाचक कॅलेंडरवर गेला तर काय वाचील? "तीन, चार, पाच, सहा." चार म्हणजे कोणता वार? वर बघावे लागेल. कोणता महिना? आणखी वर. डोळा हे सहज करतो. रामन म्हणाले, पडद्यावर काय दिसते ते वाचूच नका, त्याचा अर्थ काय तो सांगा. म्हणून ईमॅक्स्पीक पूर्ण तारीख बोलतो, वार, महिना, साल धरून. मी चाळीस वर्षे मुलांना वाचायला शिकवले. नुसती अक्षरे म्हणणे आणि वाचणे यातला फरक मुलांना समजावताना माझा घसा सुकला. या माणसाने तो फरक यंत्राला शिकवला.

दुसरेही आहेत. कॅनडातल्या कर्क रायझर या अंध माणसाने स्पीकअप केला. तो थेट कारभाऱ्याच्या पोटात बसतो, म्हणून यंत्र सुरू होतानाच बोलू लागते. जर्मनीतले क्लाउस क्नॉपर यांनी आपल्या अंध पत्नीला बरोबर घेऊन एक बोलका लिनक्स बांधला. त्याला नाव दिले आद्रियान, म्हणजे पत्नीचेच. ताजमहालापेक्षा हे मला बरे वाटते. निदान जिवंतपणी उपयोगी पडले.

ओर्काची गोष्ट जरा वेगळी. तो अमेरिकेतल्या सन नावाच्या कंपनीत तयार झाला. २०१० साली ती कंपनी ओरॅकलने विकत घेतली, आणि ओर्का सांभाळणाऱ्या माणसांचे काम सुटले. कुलपातली वस्तू असती, तर ती तिथेच संपली असती. पण ओर्काचे सगळे लिखाण खुले होते. जोनमरी डिग्ज या बाईंनी तो हातात घेतला, इतरांनी साथ दिली, आणि ओर्का चालू राहिला. पण खुली वस्तू आपोआप चालत नाही. कोणीतरी रात्री जागून ती दुरुस्त करावी लागते, आणि अशी माणसे थोडी आहेत. पडदा रंगवायची नवी रीत आली, की आवाज काही काळ अडखळतो. रंग आधी लागतात, आवाजाची दुरुस्ती मागाहून होते. सार्वजनिक विहीर सगळ्यांची, पण गाळ काढायला दोघेच, असा हा प्रकार.

आता घरच्या कागदाकडे येतो. मराठी कागदांची एक खोड आहे. मघाशी 'क'चा आकडा २३२५ सांगितला ना? पण पुष्कळ कचेऱ्यांतून जुन्या पद्धतीने टाइप केलेले कागद अजून येतात. त्यात दिसायला मराठी 'क' असतो, पण आत आकडा असतो कुठल्यातरी इंग्रजी अक्षराचा किंवा खुणेचा. वर मराठीचा मुखवटा चढवलेला. डोळा फसतो, कान फसत नाही. पडदा-वाचक आतला आकडा वाचतो, आणि "एस, के, कंस, टिंब" असली बडबड ऐकू येते. दुसरे लोक कागदाचा फोटो काढून पाठवतात. फोटोत अक्षर नसतेच, नुसते चित्र. तिथे यंत्र गप्प बसते.

त्यावर उपाय आहे. टेसरॅक्ट नावाचा प्रोग्राम चित्रातली अक्षरे ओळखतो. तोही २००५ सालापासून खुला आहे, आणि त्याला मराठी येते. एका संध्याकाळी मी बसलेलो असताना या मुलाच्या घरी कर्जाच्या बाकीची नोटीस आली. आईच्या नावावर. त्याने फोनवर फोटो काढला, लॅपटॉपवर घेतला, एक ओळ लिहिली. यंत्राने नोटीस वाचली. जोडाक्षरांवर ठेचा लागल्या, पण मतलब कळत होता. बाकी रुपये नऊ हजार चारशे पन्नास.

घरात एकदम शांतता झाली. चौदाशे भरायचे ठरले होते, नऊ हजार कुठून आणणार? मुलाने पुन्हा ऐकले. पुन्हा नऊ हजार. मग तो म्हणाला, "आई, तू बघ. पहिला आकडा कोणता आहे?"

ती माउली याच वर्गात शिकलेली. मागच्या दिवाळीत तिने आपली सही केली. तिने कागद दिव्याजवळ नेला. बोट ठेवले. बराच वेळ बघितले. म्हणाली, "नऊ नव्हे रे. एक आहे. शेपटी खाली गेलीय."

मी पाहिले. खरेच १,४५० होते. छपाई फिकट, म्हणून यंत्राने एकाचा नऊ केला. नोटिशीतला मोठा मजकूर आईला अजून वाचता येत नाही, तो मुलाच्या यंत्राने वाचला. यंत्राची चूक आईने धरली. त्या कागदासाठी कोणाच्या दारात जावे लागले नाही.

तुमच्या घरी, शेजारी, भावकीत कोणी अंध असेल, तर कॉम्प्युटर नाही म्हणून थांबू नका. तुमच्या खिशातल्या ॲन्ड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सच आहे. त्यात टॉकबॅक नावाचा वाचक असतो. २००९ साली तो फोनवर आला, त्या कामातही हे रामन होते. फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी किंवा सुलभता असे लिहिलेले असते. तिथे टॉकबॅक चालू करायचा. एक ध्यानात ठेवा, तो चालू झाला की फोन वापरायची रीत बदलते. एकदा बोट लावले की नाव ऐकू येते, लागोपाठ दोनदा टकटक केले की काम होते. म्हणून नुसते चालू करून पोराच्या हातात देऊ नका, दोन दिवस त्याच्याजवळ बसा. फोनवर कान तयार झाला, की पुढे कॉम्प्युटर आणि लिनक्स. बारा-तेरा वर्षांचे मूल असेल तर फारच उत्तम. मोठा माणूस असेल तरी हरकत नाही. वय झाले म्हणून शिकता येत नाही, असे या वर्गात तरी कोणी म्हणू नये.

कामाला किती दिवस लागतात, असे मला कोणी विचारतात. टाइप करायला एक-दोन महिने. तीन-चार आज्ञांवर घर फिरायला आणखी महिना. हिशोब ठेवण्याइतके यायला वर्ष-दीड वर्ष. हे रोज दोन तास बसणाऱ्याचे माप आहे. वीज जाते, तो खंड वेगळा धरा.

ज्याच्याविषयी एवढा वेळ बोललो तो आमचा विद्यार्थी आज आला आहे. मागे खांबाजवळ बसला आहे. आईही आली आहे. तो आता पुढे येऊन यंत्र लावील. त्याचा पडदा तुम्हाला काळा दिसेल. यंत्र बिघडले असे समजू नका. पडद्याचा त्याला उपयोग नाही, म्हणून बॅटरी वाचवायला तो बंदच ठेवतो. आवाज आज त्याने मराठीत लावला आहे आणि आपल्यासाठी सावकाश केला आहे. मुलांनो, दाराशी गलका करू नका, ऐकू आले पाहिजे. दूध संस्थेचे जे सभासद इथे असतील, त्यांनी आपले मागचे बिल विचारून पाहावे.

ये बाळ, पुढे ये. डावीकडून ये, मध्ये बाक आहे.